वही कोणाची, हिशेब कोणाचा?

गटाच्या बैठका आटोपून, भाकरीचं पीठ काढता काढता तुम्ही हे ऐकत असाल. आज मी तुमच्याशी हिशेबाबद्दल बोलणार आहे. लगेच कंटाळू नका. आकडे थोडे आहेत, गोष्टी जास्त आहेत.

मी पिंपरीला, संत तुकाराम नगरात कॉमर्सच्या मुलींना हिशेब शिकवते. माझ्या वर्गात शहरातल्या मुली आहेत, तशा खेड, चाकण, नारायणगावकडून एसटीनं वल्लभनगरच्या स्टँडवर उतरणाऱ्याही आहेत. अकरावी-बारावीला त्या पुस्तपालन आणि लेखाकर्म शिकलेल्या असतात. रोजकीर्द लिहिणं, खतावणी करणं, तेरीज जुळवणं त्यांना येतं. कॉलेजात आल्यावर मात्र मधली पायरी सुरू होते आणि पुष्कळजणी तिथं अडखळतात. जुन्या काळी मॅट्रिकनंतर बी.कॉम.च्या वाटेवर ‘इंटर’ नावाचा वर्ग असायचा, तशी ही पायरी. आजही सी.ए.च्या परीक्षेत पहिली पायरी, मग इंटर आणि मग शेवटची, असाच क्रम आहे.

पहिल्या पायरीवर हिशेब लिहायला शिकवतात. मधल्या पायरीवर तो मांडायला आणि वाचायला शिकवतात. आलेले पैसे आणि कमावलेले पैसे यांत फरक काय? उधारी बुडणार असेल तर ती आज दाखवायची की उद्या? मशीन जुनं होतं, त्याचा खर्च कोणत्या वर्षावर टाकायचा? आणि सगळ्यात मोठा प्रश्न, हा हिशेब कोणाला दाखवायला आपण बांधील आहोत?

एकदा एका मुलीनं मला वर्गात विचारलं, “मॅडम, हे सगळं कंपन्यांसाठी. माझ्या आईच्या बचत गटाला याचा काय उपयोग?” तिच्या आईच्या गटाची वही बाहेरचा एक माणूस लिहायचा. आईनं हप्ता भरला होता, पण वहीत त्याची नोंदच नव्हती. पावती घेतली नव्हती. विश्वासाचा मामला होता. ते पैसे आईला दुसऱ्यांदा भरावे लागले. मी तिला त्या दिवशी पुस्तकातलं उत्तर दिलं नाही. आपल्या ह्याच मुलखाची गोष्ट सांगितली. तीच आज तुम्हाला सांगते.

आमच्या नगराला ज्यांचं नाव आहे, तिथूनच सुरुवात करू. तुकोबांना आपण संत म्हणून ओळखतो. दरवर्षी देहूहून निघालेली त्यांची पालखी आकुर्डीचा मुक्काम करून आमच्या नगराजवळच्या रस्त्यानं पुण्याकडे जाते. पण तुकोबांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या दुकान होतं, महाजनकी होती आणि सावकारीही होती. म्हणजे त्यांच्या घरात कर्जखतं होती, येण्याच्या वह्या होत्या. १६३० च्या सुमारास मोठा दुष्काळ पडला. त्या काळात तुकोबांची पहिली बायको आणि मुलगा गेला. धंदा बसला. गावातली कुळं तर उपाशीच होती.

चरित्रकार सांगतात की तुकोबांनी आणि धाकट्या भावानं, कान्होबांनी, कर्जखतांचे दोन वाटे केले. कान्होबांनी आपला वाटा ठेवला. तुकोबांनी आपल्या वाट्याची खतं इंद्रायणीत बुडवली. पुढं त्याच नदीत त्यांची गाथा बुडवली गेली आणि ती वर आली, असं आपण श्रद्धेनं सांगतो. कर्जाचे कागद मात्र वर आले नाहीत, आणि कोणी ते शोधायलाही गेलं नाही.

याच गोष्टीत जिजाबाईही आहेत. आपण त्यांना फक्त भांडखोर आवली म्हणून ओळखतो. पण परंपरा असंही सांगते की नवऱ्याचा धंदा पुन्हा उभा राहावा म्हणून त्यांनी आपल्या नावावर दोनशे रुपयांचं कर्ज काढून दिलं. तुकोबांनी त्यावर व्यापार केला, नफाही झाला, आणि वाटेत कर्जापायी गांजलेला एक माणूस भेटला तेव्हा सगळे पैसे त्याला देऊन ते मोकळे झाले. पुण्य तुकोबांच्या खात्यावर जमा झालं. कर्ज कोणाच्या नावावर राहिलं, याचा विचार तुम्हीच करा. आपल्यापैकी किती जणींच्या अंगठ्यावर घरातली कर्जं निघाली आहेत!

एखादा मोठ्या मनाचा सावकार कागद बुडवतो आणि माणसं सुटतात. पण दर गावाला तुकोबा मिळत नाहीत. मग काय होतं, ते अडीचशे वर्षांनी ह्याच पुणे जिल्ह्यात दिसलं.

१८६० नंतर अमेरिकेत आपसातलं युद्ध पेटलं होतं. तिकडचा कापूस विलायतेला जाईना, म्हणून आपल्या कापसाला भाव आला. सावकारांनी हात सैल सोडला, शेतकऱ्यांनी कर्जं उचलली. १८६५ ला युद्ध संपलं आणि भाव पडले. त्यातच सरकारनं नव्या पाहणीत शेतसारा भरमसाट वाढवला. सारा रोखीनं भरायचा, म्हणजे पुन्हा सावकाराचं दार. आणि १८५९ च्या मुदतीच्या कायद्यामुळे साधं कर्जखत तीन वर्षंच चाले. कायदा केला होता कुळाच्या भल्यासाठी, की जुनी कर्जं उकरून काढू नयेत. झालं उलटंच. सावकार दर तीन वर्षांनी नवं खत लिहून घेऊ लागला आणि जुनं व्याज नव्या मुदलात घालू लागला.

समजा शंभर रुपये घेतले, महिना शेकडा दोन रुपये व्याजानं. तीन वर्षांचं व्याज झालं ७२. नवं खत १७२ चं. आणखी तीन वर्षांनी त्यावर व्याज जवळपास १२४. म्हणजे सहा वर्षांत खत २९६ रुपयांचं. आपल्याकडे दामदुपटीचा जुना नेम होता, व्याज मुदलापेक्षा जास्त घ्यायचं नाही. पण खत बदललं की मुदलच बदलायचं, मग नेम लागायचा कुठं? खत मोडीत लिहिलेलं. कुळाला वाचता येत नव्हतं. भरलेल्या पैशाची पावती मिळत नव्हती. कुळ अंगठा उठवायचं आणि घरी जायचं.

१२ मे १८७५ ला सुप्याला बाजार भरला होता. सुपं म्हणजे आजच्या बारामती तालुक्यातलं गाव. बाजाराला आलेली माणसं सावकारांच्या दुकानांवर चालून गेली. त्यांनी वह्या मागितल्या, कर्जखतं मागितली आणि ती जाळली. हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या तीसच्या वर गावांत पसरलं. इतिहासात याला ‘दख्खनचे दंगे’ म्हणतात. दुकानं लुटली गेली, एखादं घरही जळलं. पण बहुतेक ठिकाणी राग माणसांच्या जिवावर नव्हता, कागदावर होता. जो कागद आपल्याला वाचता येत नाही आणि तरी आपलं शेत खातो, तो कागद त्यांना नको होता.

कागद जळले म्हणून कर्ज सुटलं का? नाही. पोलीस आले, पलटणी आल्या, माणसं धरली गेली. सरकारनं चौकशी आयोग नेमला. मग १८७९ ला कायदा झाला, दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा. पुणे, नगर, सातारा आणि सोलापूर ह्या जिल्ह्यांसाठी. त्यात काय होतं ते नीट ऐका, कारण ते आजही आपल्या गटाच्या उपयोगाचं आहे. भरलेल्या पैशाची लेखी पावती सावकारानं दिलीच पाहिजे. कुळानं मागितला तर वर्षाचा हिशेब काढून दिला पाहिजे. कुळाला हवं असेल तर पासबुक देऊन त्यात नोंदी केल्या पाहिजेत. आणि कोर्टाला कागदावरच्या आकड्यावर न थांबता मूळ व्यवहारापर्यंत मागं जाऊन हिशेब तपासता येईल.

मैत्रिणींनो, तुमच्या हातातलं गटाचं पासबुक साधं नाही. त्याच्या मागं सुप्याच्या बाजारातली ती आग आहे. हिशेबाची एक प्रत देणाऱ्याकडे राहते, तशी एक घेणाऱ्याच्या हातातही असली पाहिजे, हे आपल्या मुलखात एवढं सगळं घडल्यावर कायद्यात आलं.

आता कोणी म्हणेल, पूर्वी आपल्याकडे हिशेबच नीट नव्हते. तसंही नाही. पुण्यातल्या पेशवे दफ्तरात मोडीतले कागद रुमालांत बांधून ठेवलेत, त्यांत रोजकीर्दी आहेत, तेरजा आहेत, ताळेबंद आहेत. पुढच्या वर्षाचा अंदाज बांधायचा त्याला अजमास म्हणत. तिकडे युरोपात इटलीतल्या पाचिओली नावाच्या एका धर्मगुरूनं १४९४ ला गणिताचं पुस्तक छापलं. त्यात व्हेनिसचे व्यापारी हिशेब कसा ठेवतात ते लिहिलं: प्रत्येक व्यवहाराला दोन बाजू, एकीकडे जमा आणि दुसरीकडे नावे. आज कॉलेजात शिकवतात ती द्विनोंदी पद्धत त्या पुस्तकानं जगभर नेली. पद्धती होत्या, कारकूनही तरबेज होते. पण त्यांचे हिशेब वर जायचे, सरकारकडे, धन्याकडे. ज्याचा पैसा, ज्याचा घाम, त्याच्यापर्यंत ते खाली यायचे नाहीत.

हे शिक्षण शाळा-कॉलेजात आलं ते फार उशिरा. मुंबईत सिडनहॅम कॉलेज १९१३ ला निघालं, आपल्या देशातलं कॉमर्सचं ते पहिलं कॉलेज. पुण्यात बृहन्महाराष्ट्र वाणिज्य महाविद्यालय १९४३ ला सुरू झालं. स्वातंत्र्यानंतर १९४९ ला सनदी लेखापालांचा, म्हणजे सी.ए. लोकांचा कायदा झाला. आणि पिंपरीचं म्हणाल, तर १९५४ ला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स कंपनी स्थापन झाली, तिचा कारखाना इथं उभा राहिला. मागोमाग दुसरे कारखाने आले. १९७० ला नगरपालिका झाली, १९८२ ला महानगरपालिका. कारखाना म्हटला की भांडार आलं, पगारपत्रक आलं, ताळेबंद आला. हिशेबनीस लागले. कॉलेजं निघाली. पुढं ही पट्टी चाकणपर्यंत गेली आणि शेतकऱ्यांच्या लेकी हिशेब शिकायला आमच्या नगरात येऊ लागल्या.

बायकांसाठी हे दार कोणी उघडलं? मद्रासच्या आर. शिवभोगम. १९३३ ला नोंदणी झालेल्या त्या आपल्या देशातल्या पहिल्या महिला लेखापाल. स्वातंत्र्याच्या चळवळीत त्या तुरुंगात गेल्या होत्या. तुरुंगवास भोगलेल्याला लेखापाल होता येणार नाही, असा नियम त्यांना आडवा आला. त्या कोर्टात गेल्या आणि जिंकल्या. मी दरवर्षी वर्गात त्यांचं नाव सांगते. मुलींना ते कुठल्याच परीक्षेत विचारत नाहीत, तरी सांगते.

आणि आपल्या जवळची गोष्ट म्हसवडची, साताऱ्याच्या माण तालुक्यातली. चेतना गाला सिन्हा आणि तिथल्या बायकांनी स्वतःची बँक काढायचं ठरवलं. रिझर्व्ह बँकेनं अर्ज परत पाठवला. कारण काय, तर ज्यांच्या नावानं बँक निघणार, त्यातल्या पुष्कळ बायकांना लिहिता-वाचता येत नाही. बायका रडत बसल्या नाहीत. अक्षरं गिरवायला बसल्या. काही महिन्यांनी पुन्हा अर्ज घेऊन गेल्या आणि साहेबांना म्हणाल्या, आम्हाला मुद्दल सांगा, आम्ही व्याज काढतो. तुमच्या माणसांनाही यंत्राशिवाय काढायला सांगा, बघू कोण आधी काढतं. १९९७ ला माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. त्या बायकांना गणित आधीपासून येत होतं. बाजारात बसणाऱ्या बाईला व्याज, तोल आणि मोड कोणी शिकवावी लागत नाही. कमी होती ती फक्त कागदावर लिहिण्याची आणि कागदावरचं वाचण्याची.

त्याच्या पाच वर्षं आधी, १९९२ ला, नाबार्डनं बचत गट बँकेला जोडण्याचं काम हाती घेतलं होतं. आपल्या गटांची पंचसूत्री अशी: नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्जव्यवहार, वेळेवर परतफेड आणि अद्ययावत लेखे. पहिल्या चार आपण मन लावून पाळतो. पाचवं सूत्र मात्र “तो भाऊ लिहितो” किंवा “ती ताई बघते” म्हणून सोडून देतो.

आता मधल्या पायरीवर काय शिकवतात ते एका गटाच्या उदाहरणानं सांगते. वही-पेन्सिल असेल तर घ्या. समजा, एका पापड गटानं वर्षाची सुरुवात शून्यापासून केली. वर्षभरात ६०,००० रुपयांचे पापड विकले, त्यातले १०,००० अजून उधारीत आहेत. म्हणजे हाती आले ५०,०००. डाळ, मसाला, तेल यांना दिले ३२,०००. मशीन घेतलं १८,००० चं. हाती उरलं काय? शून्य. बैठकीत बाया म्हणतील, वर्षभर राबलो आणि हाती भोपळा. गट मोडायची भाषा सुरू होईल.

आता माझ्या वर्गातली मुलगी हाच हिशेब कसा मांडेल, ते बघा. विक्री ६०,००० च धरायची, कारण माल गेलेला आहे आणि पैसे येणं आहे. ३२,००० च्या मालातला ४,००० चा माल अजून डब्यात आहे, म्हणून वापरला २८,००० चा. मशीन सहा वर्षं चालेल, म्हणून १८,००० एकाच वर्षावर टाकायचे नाहीत. दर वर्षी ३,००० टाकायचे. याला घसारा म्हणतात. मार्चचं १,००० चं लाइट बिल अजून भरलेलं नाही, पण वीज वापरली, तेव्हा तेही ह्याच वर्षाचं. आता ६०,००० मधून २८,०००, ३,००० आणि १,००० वजा करा. नफा २८,०००.

खात्री करायची? गटाकडे आज काय आहे ते मोजा. मशीन १५,००० चं, माल ४,००० चा, येणं १०,०००. एकूण २९,०००. देणं १,०००. उरले २८,०००. दोन्ही बाजू जुळल्या, हाच ताळेबंद.

पण मुलगी इथं थांबणार नाही. ती विचारेल, त्या दहा हजारांच्या उधारीतले ६,००० ज्या दुकानदाराकडे अडकलेत, त्याचं दुकान बंद पडलंय ना? मग ते येतील असं कशावरून धरता? त्याची तरतूद आजच करा, म्हणजे नफा २२,०००. आणि बँकेत कर्ज मागायला जाल तेव्हा हे लपवू नका. शेवटी ती आणखी एक विचारेल, बायांच्या मजुरीचा आकडा कुठंय? पापड आपोआप लाटले गेले का? मजुरी धरली तर नफा किती उरतो? हे प्रश्न ऐकून पहिल्यांदा राग येतो. पण हेच प्रश्न आधी विचारले तर गट वाचतो.

वाचता आलं की दारं आणखी उघडतात. ग्रामसभेच्या आधी महिलासभा घ्यायची असते. तिथं जमाखर्च वाचून दाखवतात तेव्हा आपण मान डोलावतो. त्याऐवजी विचारायचं, हा खर्च कोणत्या कामाचा, काम कुठं झालं, बिल दाखवा. २००५ पासून माहितीचा अधिकारही आपल्याकडे आहे. शेजारच्या मोठ्या कंपनीलाही दरवर्षी आपला ताळेबंद सरकारदरबारी दाखल करावा लागतो, आणि ठरलेली फी भरून तो कोणालाही बघता येतो. पूर्वी हिशेब फक्त वर जायचे. आता ते खालीही आले पाहिजेत असं कायदा म्हणतो. पण ते वाचणारं कोणी खाली बसलेलं नसेल, तर कायदा काय करणार?

म्हणून पुढच्या बैठकीसाठी तीन कामं सांगते. एक, प्रत्येकीचं पासबुक आणि गटाची खातेवही शेजारी शेजारी ठेवून आकडे जुळवा. जिला वाचता येत नाही, तिच्या नोंदी मोठ्यानं वाचा. दोन, पैसे दिले की त्याच जागी नोंद आणि पावती, मग घेणारा सख्खा भाऊ का असेना. तीन, गावात कोणाची लेक कॉमर्सला असेल तर तिला बैठकीला बोलवा. तिच्याकडून वही लिहून घेऊ नका. ती कशी वाचायची ते शिकून घ्या. नाहीतर भाऊ गेला आणि भाची आली, एवढाच फरक.

ती हप्त्याची गोष्ट सांगणारी मुलगी आता शेवटच्या वर्षाला आहे. गेल्या सुट्टीत ती आईच्या गटात बसली. चार जुन्या वह्या काढून एकेक नोंद मोठ्यानं वाचली. आईचे दुसऱ्यांदा भरलेले पैसे परत मिळाले नाहीत. पण त्या दिवसापासून वही गटातल्या बायका पाळीपाळीनं लिहितात. तिची आई पहिल्या पाळीला होती. अक्षर वाकडं आलं, बेरीज बरोबर आली.